न लागलेल्या आगीचं गुपित

आमच्या शाळेला आग लागली नव्हती, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारण माझ्या घरात अजूनही त्यावर एकमत झालेलं नाही.

मी बाभुळगाव तालुक्यातल्या एका लहान गावात मास्तर आहे. शाळेसमोर मैदान आणि मैदानापलीकडे आमचं घर. घरात माय, बायको वंदना आणि शेती पाहणारा धाकटा भाऊ गजानन. या तिघांचं एका गोष्टीवर मात्र पक्कं एकमत आहे, ते म्हणजे माझ्या पोटात काही राहत नाही! मेहुणीचं लग्न जुळतंय, हे मी पानठेल्यावर बोलून बसलो आणि ती बातमी नवरदेवाच्या आधी गावाला कळली. (गावातल्या कोणीतरी फोन करून अभिनंदन केलं, तेव्हा बिचाऱ्याला समजलं.) तेव्हापासून मी खोलीत शिरलो की घरातली बोलणी एकदम पाऊसपाण्यावर येतात. चाळिशीतल्या माणसाला त्याच्याच घरात कोणी काही सांगू नये, याचं मला फार वाईट वाटायचं.

म्हणून मुख्याध्यापिका राऊतबाईंनी सगळ्या शिक्षकांना ऑफिसात घेऊन आतून कडी लावली, तेव्हा माझी छाती फुगली.

"मंगळवारी आगीचं मॉक ड्रिल आहे. यवतमाळहून साहेब पाहायला येतील. पण कोणाजवळ बोलायचं नाही! घरीसुद्धा नाही! अचानक झालं तरच आपली तयारी कळेल." मग माझ्याकडे वळून, "सर, तुम्हाला विशेष सांगून राहिली मी."

एका शिक्षकाने जखमी होऊन बेशुद्ध पडायचं होतं. ती कामगिरी बाईंनी मला दिली. बेशुद्ध माणूस बोलत नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं. मी अपमान गिळला आणि मनाशी ठरवलं, या वेळी जीव गेला तरी बोलायचं नाही. घरच्यांना एकदा दाखवूनच द्यायचं!

पण गुपित सांभाळणं किती अवघड असतं, याची मला काय कल्पना! सवयच नव्हती ना! जेवताना तोंडात एवढा मोठा घास कोंबायचो की शब्दाला जागाच उरू नये.

"काहून वो, असे काय जेवून राह्यले?" वंदना म्हणाली. "पोट दुखते काय?"

"अंहं."

"मंग बोलून काहून नाई राह्यले?"

मी आणखी एक घास कोंबला. मायने शेजारी बसून माझं कपाळ चाचपून पाहिलं.

मंगळवारी सकाळी मी देवघरातलं थोडं कुंकू कागदात बांधून घेतलं (रक्तासाठी) आणि शाळेत गेलो. तिथे माझं डोकंच फिरलं. एरवी नाक पुसायचं भान नसलेले पोट्टे आज इस्त्रीचे कपडे घालून, चापूनचोपून भांग पाडून आलेले! मैदानाच्या कडेला बायाबापड्या प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेल्या, मांडीवर मुरमुऱ्यांचे पुडे!

"काय हो शांताकाकू, आज काय आहे इथं?" मी विचारलं.

"काई नाई, मास्तर. असंच. ऊन खाऊन राह्यलो."

भर ऑक्टोबरच्या उन्हात! मला काही म्हणजे काही समजेना.

साहेब आले. घंटा घणघणली. शाळेमागे घमेल्यात कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या पेटवल्या होत्या, त्यांचा असा काही काळा धूर उठला की मलाच क्षणभर शंका आली. पोरं रांगेत बाहेर पडली. मी डोक्याला कुंकवाने भिजवलेली पट्टी बांधून वऱ्हांड्यात स्ट्रेचरवर पडलो आणि डोळे मिटले. साहेब शेजारी उभे होते. सगळं कसं ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

"माय वो! शाळा पेटली वो! माहा लेक अंदर हाय!"

हा आवाज मी ओळखला. गेली चाळीस वर्षं मला तोच आवाज जेवायला बोलावतो.

मी एक डोळा किलकिला केला. मैदानातून माय लुगड्याचा ओचा धरून पळत येत होती. वाटेत खुर्च्यांपुढे थबकून ती गावावर ओरडली, "शरम नाई वाटत? शाळा जळून राह्यली अन् तुमी मुरमुरे खाऊन राह्यले!" कोणीतरी घाईघाईने पुडा पाठीमागे लपवला.

तिच्यामागून गजानन, पाठीवर फवारणीचा पंप! गडी नुकताच सेंद्रिय शेतीकडे वळला होता. त्या पंपात दशपर्णी अर्क होता. ज्याने हा अर्क हुंगलेला नाही, त्याने आपल्या नशिबाचे आभार मानावेत. शेण, गोमूत्र, लसूण आणि कडुनिंबासकट दहा झाडांचा पाला महिनाभर कुजवून तो करतात.

"दादा, घाबरू नको! मी आलो!" असं ओरडत त्याने नोझल धुराकडे धरलं आणि सोडली की हो फवारणी! धूर शाळेमागे होता. मध्ये साहेब होते.

"अहो, थांबा! अहो, हे काय... हे कशाचं आहे?" साहेब ओरडले.

"पानीच समजा, साहेब! तुमी खाली बसा!"

तेवढ्यात मायने माझं डोकं मांडीवर घेतलं आणि हंबरडा फोडला. बेशुद्ध माणसाने बोलायचं नसतं, पण माझ्याने राहवेना.

"माय, रडू नको. मी बरा आहे. हे नाटक आहे," मी कुजबुजलो.

"अवो, पोरगं बरळून राह्यलं वो! डोक्यात मार लागला याच्या!"

आणि मग वंदना आली. आधी तिने धावत जाऊन ऑफिसातला मेन स्विच पाडला, मग हातातली बादली, सबंध बादली, माझ्या तोंडावर रिकामी केली. पट्टी गळून पडली. कपाळ कोरं करकरीत! वंदनाने खाली पडलेली पट्टी उचलली आणि बोटाने तो लाल रंग चोळून पाहिला.

"हे तं माह्या देवघरातलं कुंकू हाय."

मी उठून बसलो. दुसरं काय करणार!

"आग?"

"नाही लागली."

"मंग हे सारं?"

"ड्रिल. गुपित होतं. कोणालाच माहीत नव्हतं."

"आमाले माहीत होतं ना!" खुर्चीवरून शांताकाकू वंदनाला म्हणाल्या. "साऱ्या गावाले माहीत होतं. तुमचं धावनंबी आमाले ड्रिलमधलंच वाटलं. तुले कोनी सांगतलं नाई, कारन वाटलं, मास्तरनं पह्यलेच सांगतलं असन. त्याइच्या पोटात काय राह्यते!"

मी राऊतबाईंकडे पाहिलं. राऊतबाई वऱ्हांड्याचं छत पाहू लागल्या. "मी फक्त आमच्या ह्यांना बोलले होते," त्या पुटपुटल्या.

वंदनाने रिकामी बादली खाली ठेवली. "मले वाटलं, तुमी गेले," ती एवढंच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने नाक पुसलं, आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "उभ्या जन्मात एक गोष्ट पोटात ठेवली, अन् तेबी हेच?"

साहेब चष्मा पुसत पुढे आले. (त्या वासाने सगळे दोन पावलं मागे सरकले.)

"या ताई कोण?" त्यांनी विचारलं. "सगळं गाव खुर्च्यांवर बसलं होतं. आधी लाइट बंद करायचं यांनाच सुचलं. पुढच्या ड्रिलची तारीख मी फक्त यांनाच कळवणार. शाळेत कोणालाही नाही!"

तसंच झालं. यंदाची तारीख वंदनाला माहीत आहे आणि मला नाही. मी गोडीत विचारलं, रागावून विचारलं, चहा करून देऊन विचारलं.

"कोनतं ड्रिल?" ती म्हणते. मायला विचारलं तर माय पावसाबद्दल बोलते. गजानन तर पंप भरून दाराशीच ठेवतो.

तेव्हापासून मी बूट घालूनच शिकवतो, खुर्चीही दाराजवळ ओढून घेतली आहे. परवा घंटा वाजली, तसा मी खडू टाकून जो धावलो तो थेट मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिलो. एकटाच! पोरं वर्गात निवांत डबे उघडत होती, कारण ती जेवणाच्या सुट्टीची घंटा होती. आणि मैदानापलीकडे आमच्या दारात वंदना खुर्ची टाकून मुरमुरे खात बसली होती.