मास्तरांनी न कळवलेला पक्षी

आमच्या ह्यांना पक्ष्यांचं वेड. घरातलं मीठ संपलेलं कळायचं नाही, पण नदीवर नवं पाखरू उतरलं की कामशेतच्या साऱ्या गावाआधी ह्यांना पत्ता. इथं कुणीच न पाहिलेला पक्षी जन्मात एकदा आपल्याला दिसावा आणि मुंबईच्या मासिकात आपल्या नावानं छापून यावा, एवढीच हौस. मी म्हणायची, "छापून आल्यावर काय, भाकरीबरोबर खायचं?"

तो पक्षी आला, पण कसल्या दिवशी आला बघा.

आमच्याकडे दूध घालणाऱ्या मुक्ताबाईचा एकुलता एक गेणू दर्यापलीकडे बसऱ्याच्या लढाईत गेला. शाळेत ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. प्रेत नाही, राख नाही. गवताचा पुतळा जाळून दिवस केले. दहाव्याला आम्ही दोघंही इंद्रायणीवर गेलो. पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. कावळे झाडावर बसून नुसते बघत होते मेले. "तुझ्या आईला सांभाळू," म्हणून सगळ्यांनी शब्द दिला. ऊन डोक्यावर आलं. मुक्ताबाईचे दीर दत्तोबा म्हणाले, "दर्भाचा कावळा करू, वयनी."

मुक्ताबाई हलेना. "माझं प्वार उपाशी हाय. मी न्हाई उठायची."

तेवढ्यात नदीच्या गोट्यांतून एक पाखरू तुरुतुरु आलं. छातीवर काळा पट्टा, पाय नारिंगी. चोचीनं एकेक गोटा उलथत पत्रावळीपाशी पोचलं, तिची कड उलथली आणि भात टिपू लागलं.

ह्यांनी माझा हात घट्ट धरला. "समुद्रकाठचा आहे हा," कुजबुजले. "गोटे कसे उलथतो बघ. पुस्तकातला तोच. इकडं घाटमाथ्यावर कुणी पाहिलेला नाही."

"ह्यो कावळा न्हाई," दत्तोबा म्हणाले. "चालायचं न्हाई."

मुक्ताबाईनं ह्यांच्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमाला पाखरं कळत्यात. तुमी सांगा."

टिटवीला बगळा म्हटलं तर माझ्याशी दिवसभर अबोला धरणारा हा माणूस. घसा साफ करून म्हणाला, "कावळ्यातलाच आहे. दर्यावरचा कावळा. गेणू तिकडं गेला, म्हणून तिकडचा आला."

ती उठली. नदीत हात-तोंड धुतलं आणि घरी गेली.

मग मी मागे लागले, लिहा मासिकाला. मुक्ताबाईला कुठं वाचता येतं? वर्षानुवर्षं सांगितलं. मला राग यायचा, अजून येतो. ह्यांच्या नावाचं एक अक्षर कुठं छापून आलं नाही, आणि गेल्या साली गेलेही.

शेवटचं विचारलं तेव्हा म्हणाले, "तो कावळा नव्हता असं मी लिहिलं, तर गेणू उपाशीच राहिला की गं."