गाडीखालचं पत्रक

अन्याय झाला तो आमची गाडी चालवणाऱ्या मैत्रिणीवर. तान्ह्या पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सात वाजता, अहेरीत. करणारा मी.

वनहक्कासाठी झगडणाऱ्या आमच्या संघटनेची जुनी कार ती चालवायची. पत्रकं मी लिहायचो, भाषणं मी ठोकायचो, पण गावात शिरलं की लोक विचारायचे, "बाई नाई आली काय आज?" चिमूरकडच्या धान पिकवणाऱ्या घरातली ही पोरगी बॉनेट उघडून बायांना इंजिन समजावायची. माझ्या भाषणाला एवढी गर्दी कधी झाली नाही. जळायचो मी, सरळ सांगतो.

रोज संध्याकाळी ती इंजिनाखाली माझंच एखादं उरलेलं पत्रक पसरायची आणि सकाळी त्यावरचे डाग बघायची. ऑइल सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचं रबरी कडं, तेल आत धरून ठेवणारं. वय झालं की ते कडक होतं. डाग पुढे असेल तर पुढचं सील, गिअरबॉक्सकडे असेल तर मागचं.

त्या दिवशी आलापल्लीपलीकडच्या एका म्हातारीला वनहक्काच्या सुनावणीला अहेरीत आणायचं होतं.

"भाऊ, मागचं सील गेलं. क्लचवर तेल जाऊन राह्यलं. मिस्त्रीले दाखवून मंग निघू."

"दरवेळी तुलेच बरं समजते! मिरवाले गाडी बंदच पाह्यजे तुले." सगळ्यांसमोर बोललो. पत्रक ओढून, चुरगाळून खिशात कोंबलं.

तिने किल्ली फिरवली. आम्ही निघालो.

म्हातारीला घेऊन येताना सागवनातल्या चढावर क्लच घसरला. इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. मिळेल त्या वाहनाने पोचलो तेव्हा म्हातारीचं नाव पुकारून झालं होतं. पुढची तारीख मिळाली. "तवापर्यंत मी राहीन काय रे?" एवढंच तिने मला विचारलं.

मिस्त्रीचाचांनी गिअरबॉक्स उतरवला. मागचं सील, क्लच प्लेट तेलाने माखलेली. मग त्यांनी इंजिनाची हवा बाहेर सोडणारी नळी काढून दाखवली. काजळीने ठार बुजलेली. "हवेले रस्ता नाई, तर ती तेलाले सीलमधूनच ढकलते. हे साफ नाई केलं तर नवं सीलही जाईन."

सांगत होते ते तिला. मी टॉर्च धरून उभा, आणि तेव्हाही जळतच होतो.

तिच्याकडून डागाचं कळल्यावर माझ्या खिशातलं पत्रक त्यांनी मागून घेतलं, उलगडलं. "लिहिलं तूच ना, बेटा? मंग वाचता काऊन नाई आलं?"

तुमची गाडी जुनी आहे? आज संध्याकाळी खाली कागद पसरा. आणि सकाळी डाग तुमच्याआधी दुसऱ्या कुणाला दिसला, तर किल्ली फिरवण्याआधी तिचं ऐका.