आरसा कलला!

टेकडीखालच्या वस्तीतली सगळी डोकी सलूनवाल्या काकांच्या हातात होती. दुकानाची मागची भिंत टेकडीला टेकलेली. आत माती जराशी सरकली की खिळ्यावरचा आरसा कलायचा. मग काका वस्तरा उंचावत "आरसा कलला!" असं बोंबलत गल्लीभर पळायचे आणि वस्ती त्यांच्यामागे शाळेच्या मैदानावर. तीनदा टेकडी ढिम्म राहिली. तरी काकू म्हणायच्या, "दमलो तर दमलो, दबलो तर नाही ना!"

चौथ्यांदा खुर्चीत बसले होते टेकडी तपासायला आलेले साहेब. कागदावर 'धोका नाही' असा शेरा मारून झाला होता, गालांवर फेस होता. अर्धी दाढी झाली आणि आरसा कलला. काका बोंबलायच्या आत साहेब गळ्यातल्या टॉवेलसकट सुसाट! मागोमाग वस्ती. मैदानात पहिला नंबर साहेबांचाच.

तेवढ्यात धाडकन आवाज आला. दुकान, आरसा, सगळं मातीखाली. डोकी मोजली, तर एकही कमी नाही! वस्तीला असं हसू फुटलं की काकूंना उचकीच लागली.

काकांच्या हातात वस्तरा तेवढा उरला होता. एका दगडावर फुंकर मारत ते म्हणाले, "बसा साहेब, उरलेली अर्धी उरकू. धोका नाही."