आधी बैलाची मान

"पयले बैलाची मान पाहू द्या," असं म्हणून बाबाजी थेट गोठ्यात शिरत. घरमालक पानाचं तबक पुढे करून ओसरीवर बसलेला, आणि हे आत बैलाच्या मानेवरून हात फिरवत उभे. जू घासून जखम झालेली दिसली की धोतर झटकून चालू लागत. त्या घरी कुत्र्याचं पिल्लू जात नसे.

परतवाड्याच्या कडेला, मेळघाटाच्या सडकेवर त्यांची झोपडी होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. संत्र्यांच्या बगीच्यांना राखणीची कुत्री लागत आणि बाबाजींच्या तांबड्या, उभ्या कानांच्या कुत्र्यांचं नाव पार अंजनगावापर्यंत होतं. पिल्लू मागायला आलेल्याला ते आधी पिल्लाची आई दाखवत, मग म्हणत, "आता तुमचं घर पाहतो." एका कुत्रीला दोन वर्षांत एकदाच पिल्लं होऊ देत. मधल्या काळात कोणी विचारलं, तर "आराम करून राहिली ते," असं सांगत. जणू लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे.

अंजनगावच्या एका पाटलाने त्यांना छकडा पाठवून नेलं आणि पुरणपोळीचं जेवण घातलं. बाबाजी मुकाट जेवले, हात धुतले, आणि गोठ्यात जाऊन आल्यावर म्हणाले, "पाटील, तुमच्या बैलाले बोलता आलं असतं, तं तुमी मले बलावलंच नसतं." पाटील चिडले. बाबाजी आठ-नऊ कोस पायी परत आले. असा हट्टी माणूस तुमच्याही पाहण्यात एखादा असेलच.

मी तेव्हा परतवाड्याला कचेरीत कारकून होतो. मीही एक पिल्लू मागितलं, तसे ते आमचं घर पाहायला आले. आमच्या घरी बैल कुठला? आई मात्र अर्धांगवायूने मागच्या खोलीत पडून होती. बाबाजी तिच्या खाटेपाशी बसले, गोधडी चाचपून पाहिली, कोरडी होती.

"पाठ दुखते का वो माय?"

"नाई रे बा. सून कूस बदलून देते," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते एक पिल्लू घेऊन आले, तांबी तिचं नाव. माझ्या हाती न देता तिला माझ्या बायकोच्या ओटीत ठेवलं. "भाकर तुले टाका लागते, बाई. ठेवनं न झालं, तं मले वापस आनून देजा. दुसऱ्याले देऊ नोका." मी मोठ्या तोंडाने हो म्हटलं.

तांबी आईच्या खाटेखाली वाढली. आई गेली, त्यानंतर महिनाभर ती त्या रिकाम्या खाटेखालून हलली नाही. पुढे माझी अकोल्याला बदली झाली. तिथल्या साहेबांनी एकदा तिला आमच्या दारात पाहिलं आणि सहज म्हणाले, "छान आहे हो तुमची कुत्री." बस, एवढंच. त्यांनी मागितलीही नव्हती. माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तांबीला त्यांच्या बंगल्यावर पोचवून आलो.

साहेबांना पिल्लं हवी होती, अधिकाऱ्यांना भेट द्यायला. एक वेत संपलं की दुसरं. बंगल्यावरून जाताना ती साखळीला बांधलेली दिसे, पोट लोंबलेलं, बरगड्या वर आलेल्या. मला पाहून ती शेपूट हलवी. मग मी तो रस्ता सोडला.

आणि एके दिवशी बाबाजी दारात उभे. मुर्तिजापूरपर्यंत छोट्या रेल्वेने आणि पुढे मोठ्या गाडीने आले होते. "तांबीले पाहाले आलो," म्हणाले.

"गेली ती, बाबाजी. ताप आला होता." माझ्या तोंडून इतकं सराईतपणे आलं की मीच दचकलो.

ते आतल्या दाराकडे वळले. "बाई, तू सांग."

बायकोने डोळ्याला पदर लावून सगळं सांगितलं.

साहेबांच्या बंगल्याच्या फाटकाबाहेर बाबाजी तीन दिवस बसून होते. शिपायांनी हटकलं की चार पावलं सरकत आणि पुन्हा येऊन बसत. तांबीला आता पिल्लं होत नव्हती. चौथ्या दिवशी साहेबांनी कंटाळून ती त्यांच्या हवाली केली. गाडीत कुत्री घेईनात, म्हणून ते पायीच निघाले. आमच्या घरावरून गेले तेव्हा ती त्यांच्या खांद्यावर होती. बायको पाण्याचा तांब्या घेऊन धावली. त्यांनी तांबीला पाजलं, स्वतः घेतलं नाही.

मला बढती मिळाली. तीन वर्षांनी कामानिमित्त परतवाड्याला गेलो, तेव्हा धीर करून त्या सडकेला वळलो. झोपडी पडली होती. शेजारी भाजीचा मळा होता, तिथे मेथी खुडत असलेल्या बाईला विचारलं.

"बाबाजी? गेले ना मागच्या हिवाळ्यात. शेवटची कुत्री मेली, मंग तेई गेले."

"आणि पिल्लं?"

"कोठची पिल्लं? अकोल्याहून आले आन् कुत्रे-कुत्र्या येगयेगळ्या बांधल्या. लोकं लय मागाले येत. म्हनत, नाई देत बापा. मले आता मानूस पाहता येत नाई."

तिने मेथीची जुडी बांधली आणि विचारलं, "तुमी कोन म्हनायचे?"

मी नाव सांगितलं नाही.