बेटावरचा खुंट

भुतंखेतं, संकेत वगैरे मी कधी मानलं नाही. नेव्हीत पंधरा वर्षं रडारवर काढलेली. जे स्क्रीनवर दिसत नाही ते माझ्यासाठी नसतंच. "भास झाला असेल" असं लिहू नका… ते मी स्वतःलाच शंभर वेळा सांगून झालंय.

आम्ही कोलशेतचे कोळी. खाडीत खुंट, म्हणजे लाकडी खांब, ठोकायचे आणि त्यांना जाळं बांधायचं. खुंट उभा आहे तोवर जागा आपली. उपटला की दुसरा येऊन ठोकतो. आमची जागा पणजोबांपासूनची. मी नेव्हीत गेलो, धाकटा भाऊ कंपनीत लागला, जाळं लावायला कोणी उरलं नाही. बाबांनी खुंट तसाच ठेवला, पण माझ्याशी बोलणं टाकलं.

गेल्या वर्षी मला एका लांबच्या बेटावर ड्युटी लागली. नाव सांगणार नाही. बारा माणसं, एक रडार, छोटीशी धावपट्टी, प्यायचं पाणीसुद्धा बोटीने यायचं. पुढच्या समुद्रावर दोन देशांचा दावा. निघताना बाबांपाशी बसलेलो. लकव्याने त्यांची डावी बाजू गेलेली.

"बाबा, तिथून येणारं-जाणारं प्रत्येक जहाज दिसतं. आपण उठलो की दुसरा येऊन बसेल. तुमच्या खुंटासारखंच आहे ते."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. फार लागलं मला ते.

बेटावर तिसरा महिना. दुपारचे दोन, पूर्ण ओहोटी, लख्ख ऊन. दुर्बिणीत दिसलं — कमरेएवढ्या पाण्यात एक म्हातारा खुंट ठोकतोय. डाव्या हाताने! रडारवर काहीच नाही. मी दुर्बीण शेजारच्या सहकाऱ्याला दिली.

"अरे, ये बुड्ढा कहाँ से आया?" तो म्हणाला.

आम्ही दोघे धावत खाली गेलो. माणूस नव्हता. खुंट होता, घट्ट रुतलेला, आणि त्यावरच्या दोराचे वेढे उलटे. बाबा डावखुरे, अख्ख्या कोलशेतात तसे वेढे फक्त त्यांचे. रिपोर्टमध्ये 'वाहून आलेलं लाकूड' असं लिहिलं. वाहून आलेलं लाकूड उभं रुततं होय? पण दुसरं लिहिणार काय, कप्पाळ!

सुट्टीवर आलो तेव्हा भाऊ स्टेशनवर घ्यायला आलेला. रिक्षात म्हणाला, "दादा, आपला खुंट गेला रे. तुटला असता तर बुडखा तरी राहिला असता… नुसता खड्डा आहे. बाबांना सांगितलं नाहीये, तूही बोलू नकोस."

घरात शिरलो. बाबा अंथरुणावरच. माझ्याकडे बघत राहिले, आणि अडखळत म्हणाले,

"तुजी जागा राखलीस ना रं, पोरा? माजी गेली तं जाऊं दे."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो.

याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. कोणाला लागला तर सांगा. बाबा महिन्याभरात गेले. त्या दिवसानंतर एक शब्दही बोलले नाहीत. पण शेवटचं बोलले ते माझ्याशी.