दारामागचं वेळापत्रक

मानसिंग हवालदार पलटणीतून पेन्शनवर आष्ट्याला परत आला, तेव्हा त्याला दोन सवयी जडल्या होत्या. एक म्हणजे पहाटे उठायचं आणि सगळ्यांना उठवायचं. दुसरी म्हणजे लिहिलेला हुकूम दिसला की तो न विचारता पाळायचा. पहिल्या सवयीनं घरातल्या कोंबड्यासुद्धा बेजार झाल्या. दुसरीचा उपयोग काय, हे त्याच्या मुलीनं शोधून काढलं.

घरचा थोडा ऊस होता आणि तो धाकट्या भावाच्या हाताखाली चांगला चालला होता. पण मानसिंग मळ्यात गेला की सरीच्या टोकाला उभं राहून एक डोळा मिटायचा आणि सरी वाकडी आहे म्हणायचा. भाऊ मुकाट्यानं बांधावर जाऊन तंबाखू मळत बसायचा. त्यामुळं जवळच्या साखर कारखान्यावर गेटच्या सुपरवायझरची जागा निघाल्याचं कळलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद भावाला झाला. जागेला अट एकच होती, उमेदवार मॅट्रिक पास हवा. मानसिंग नववीतून पळून जाऊन भरती झालेला. आणि त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, त्याची मुलगी विजयमाला अकरावीला होती. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा अकरावीलाच असे. मानसिंगानं बाहेरून फॉर्म भरला आणि बाप-लेक एकाच परीक्षेला बसले.

त्याची बायको राहीबाई शाळेची पायरी कधी चढली नव्हती, पण हिशेबी होती. तिनं विचारलं, "आवं, पोरगी पास झाली आन् तुमी नापास झाला, तर?"

"तर तिचं कौतुक करायचं."

"आन् उलटं झालं तर?"

मानसिंगानं या बाजूनं विचार केला नव्हता. तो खडू आणायला दुकानात गेला.

मधल्या खोलीच्या दाराला मागच्या बाजूनं काळा रंग दिलेला होता. त्यावर त्यानं पट्टी लावून रकाने आखले आणि परीक्षेपर्यंतच्या उजळणीचं वेळापत्रक मोठ्या, ताठ अक्षरांत लिहून काढलं. एका रकान्यावर ‘विजयमाला’, दुसऱ्यावर ‘मी’. विजयमालाच्या रकान्यात पहाटे बीजगणित, मग इंग्रजी, शाळेतून आल्यावर भूमिती, मग पुन्हा बीजगणित. ‘मी’ या रकान्यात इतिहास, भूगोल, शास्त्र, आणि जिथं बीजगणित असायला हवं तिथं ‘उजळणी’. कशाची उजळणी, असं मुलीनं विचारलं. सगळ्याची, असं तो म्हणाला आणि शिट्टी वाजवली. विषय बदलायची वेळ झाली की तो शिट्टी वाजवायचा.

विजयमाला अभ्यासात हुशार होती, पण तिची तऱ्हा वेगळी. पोत्यांच्या थप्पीवर पालथं पडून, तोंडात चिंच धरून ती वाचायची. मनात आलं की तासन्‌तास वाचायची, नाही आलं की नाही. शिट्टी वाजली की मात्र तिच्या डोक्यातलं होतं नव्हतं ते उडून जायचं. आठवडाभर तिनं सोसलं. मग एका दुपारी मानसिंग एस. टी. स्टँडवर गप्पांना गेला असताना तिनं बोट ओलं करून आपल्या रकान्यातली भूमिती पुसली आणि बापासारख्याच ताठ अक्षरांत लिहिलं, ‘विश्रांती’. थोडं थांबून तिनं त्याच्या रकान्यातही तेच लिहिलं. एकट्यानं झोपलं तर संशय येतो.

मानसिंग आला. दारासमोर उभा राहिला. वाचलं. मग सतरंजी पसरून हात अंगाला लावून सरळ आडवा झाला आणि घोरायला लागला.

विजयमाला थक्क झाली. लिहिलेलं असलं की पुरे, कुणी लिहिलं हे हवालदार बघत नाही, असा तिनं अर्थ काढला. त्यानंतर दार हळूहळू बदलत गेलं. पहाटेचं बीजगणित उन्हं वर आल्यावर गेलं. शिट्टीच्या जागी ‘शांतता’ आली. तंबूतल्या सिनेमाला ‘इतिहास (प्रत्यक्ष)’ असं नाव पडलं, आणि मानसिंग मुलीला घेऊन पौराणिक खेळ बघून आला.

राहीबाईला वाचता येत नव्हतं, पण घरात काहीतरी शिजतंय हे तिला वासावरून कळलं. तिनं लेकीला दारामागं गाठलं आणि एवढंच विचारलं, की त्यात माझ्या नावाचं काही आहे का. नव्हतं. विजयमालाला ते एकदम लागलं. तिनं तिसरा रकाना आखला. त्यात लिहिलं, ‘दुपारी आडवं पडणे’. आणि आईचं दुपारचं काम कुणीतरी करायला हवं, म्हणून ‘मी’ या रकान्यात लिहिलं, ‘गिरणीतून दळण आणणे’.

मानसिंगानं तिसरा रकाना दोनदा वाचला. मिशीवरून हात फिरवला. मग दळणाचा डबा सायकलला बांधला आणि गेला.

गिरणीत बायकांची रांग असायची. त्या रांगेत पेन्शनवर आलेला एक हवालदार ताठ उभा राहिलेला बघून गुंडा नावाचा गिरणीवाला गिरणीचा पट्टा सुरू करायचाच विसरला. दोन-चार दिवसांत बायकांना सवय झाली आणि मानसिंगला तर ती रांग आवडूच लागली. तिथं पुस्तक नव्हतं. हे विजयमालाच्या लक्षात आलं, आणि दुसऱ्या दिवशी दारावर दळणाच्या पुढं अक्षरं वाढली: ‘रांगेत बीजगणित, तोंडी, मोठ्यानं’.

हुकूम तो हुकूम. मानसिंग रांगेत उभा राहून परेड ग्राउंडवरच्या आवाजात म्हणू लागला, "अ अधिक ब, कंसाचा वर्ग, बरोबर अ वर्ग..." इथं तो अडायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. गिरणीच्या घरघरीवरही त्याचा आवाज चढायचा. पुढं उभी असलेली दगडाबाई पहिल्या दिवशी दचकली, दुसऱ्या दिवशी हसली आणि तिसऱ्या दिवशी वैतागून गुंडाला म्हणाली, "ह्यांचं आदी दळून दे बाबा. ते गेलं म्हंजे कानाला थंड वाटंल."

बाकीच्या बायकांनीही मान डोलावली. हवालदार सगळ्यात शेवटी आला तरी त्याचा डबा आधी रिकामा व्हायला लागला. मानसिंग शहाणा होता. रांग लांब दिसली की तो ‘अ अधिक ब’ जरा लवकरच सुरू करी. पण बायका घाईत नसल्या तर तेच सूत्र पुरं होईपर्यंत म्हणावं लागे, आणि अशा पाच-सात दुपारींत ते त्याला खरंच पाठ झालं. त्यानंतरचं सूत्र दारावर आलं. मग त्यानंतरचं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. बाप-लेक एकाच गाडीनं इस्लामपूरला जात आणि परत येताना एकमेकांची उत्तरं पडताळत. बीजगणिताच्या पेपरनंतर मानसिंग इतका खुशीत होता, की त्यानं कंडक्टरला बळंच शेंगदाणे खायला लावले. मराठीचा पेपर म्हणजे त्याला सुट्टीच वाटली. दारावर मराठी कुणीच लिहिली नव्हती, त्यानंही नाही आणि मुलीनंही नाही. जी भाषा रोज बोलतो तिची उजळणी कसली करायची? ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा निबंध आला होता. त्यानं काय लिहिलं ते घरी सांगितलं: सकाळी पाऊस. दुपारी पाऊस. संध्याकाळी पाऊस थांबला. नुकसान नाही. राहीबाईला ते चांगलं वाटलं. विजयमालाच्या तोंडातली चिंच मात्र तशीच राहिली.

जूनमध्ये निकालाचा पेपर आला. विजयमालाचा नंबर होता, मानसिंगचा नव्हता. गुणपत्रिका आली तेव्हा कळलं, की गणितात हवालदार पास होता, इंग्रजीतही होता. मराठीत गेला होता.

विजयमालाला पेढे गोड लागेनात. संध्याकाळी तिनं बापाला ओट्यावर गाठलं आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं, की दारावरचं बरंच काही मी पुसत होते आणि मीच लिहीत होते.

"मला म्हाईत हाय," मानसिंग म्हणाला.

"कवापासनं?"

"पयल्या दिवसापासनं. तू विश्रांती लिवलंस. आमी पलटणीतली माणसं विश्राम लिवतो."

"मग बोलला का न्हाई?"

"झोप लय चांगली लागत हुती."

विजयमाला रडायची थांबली आणि रागावली. आपण फसवलं याचं तिला वाईट वाटलं होतं, पण तो फसलाच नव्हता हे तिला जास्त झोंबलं. दोन दिवस ती बापाशी बोलली नाही.

ऑक्टोबरच्या परीक्षेचं वेळापत्रक राहीबाईनं ठरवलं. ते दारावर लिहिलं गेलंच नाही, तिनं तोंडीच सांगितलं. रोज ती तांदूळ निवडायला बसेल तेव्हा मानसिंगानं समोर बसून मराठीच्या पुस्तकातला एक धडा तिला सांगायचा. वाचायचा नाही, सांगायचा. पहिल्या दिवशी त्यानं सुरुवात केली, की सदर इसम नदीकाठी गेला. राहीबाईनं सूप खाली ठेवलं.

"सदर कोण? त्याला आईबापानं नाव ठेवलं न्हाई व्हय?"

त्यानं नाव सांगितलं. मग तिनं विचारलं, नदीला पाणी किती होतं, तो एकटाच का गेला, घरी सांगून गेला का. पुस्तकात यातलं काही नव्हतं. मानसिंगला ते बनवावं लागलं. सुरुवातीला त्याला घाम फुटायचा. पण पावसाळा सरता सरता त्याला त्याची चटक लागली, आणि राहीबाईचे निवडलेले तांदूळ गोष्टीच्या नादात पुन्हा न निवडलेल्यात मिसळू लागले.

ऑक्टोबरचं केंद्र सांगलीला आलं. मराठीच्या पेपरला राहीबाई हट्टानं सोबत गेली आणि शाळेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिली. मानसिंग बाहेर आला तो उतरलेल्या चेहऱ्यानं. दोघं कृष्णेच्या घाटावर गेली. त्यानं भडंग घेतलं. ते खाता खाता तिनं काय झालं ते काढून घेतलं. निबंध ‘माझे शेजारी’ असा आला होता. त्यानं सगळी गल्ली लिहून काढली, कुणाची म्हैस कुणाच्या दारात बांधली आणि त्यावरून काय झालं तेसुद्धा. लिहिता लिहिता घंटा झाली आणि व्याकरणाचा प्रश्न राहूनच गेला.

"म्हशीचं कुठवर लिवलं?" राहीबाईनं विचारलं.

"दावं तुटतंय तिथवर."

"मग ऱ्हाऊ द्या व्याकरण," ती म्हणाली, आणि पुढं म्हशीचं काय झालं ते ती त्याला आपल्या बाजूनं सांगायला लागली, कारण म्हैस तिच्या माहेरच्या नात्यातल्यांची होती. त्यात आष्ट्याची गाडी गेली. पुढची येईपर्यंत दोघांनी आणखी एक पुडा भडंग संपवलं.

मानसिंग पास झाला. मराठीत त्याला मुलीपेक्षा जास्त गुण मिळाले, आणि हे त्यानं तिला सांगितलं नाही असा एकही दिवस गेला नाही. ती तोवर सांगलीला कॉलेजात जाऊ लागली होती आणि गाडी चुकण्याच्या भीतीचं सोंग करून त्याचं बोलणं अर्ध्यावर तोडायची. गेटची जागा मात्र दुसऱ्यानं घेतली होती. कारखान्यानं मानसिंगला वजनकाट्यावर, उसाच्या बैलगाड्यांची रांग लावायला घेतलं. गाडीवान तासन्‌तास ताटकळायचे, आणि पहिल्याच हंगामात त्यांना कळलं, की या माणसाला नुसतं ‘फुडं?’ म्हटलं की तो गोष्ट सांगत बसतो. ते त्याला मास्तर म्हणू लागले. हवालदारापेक्षा त्याला ते जास्त आवडलं, पण घरी तो याबद्दल अवाक्षर बोलला नाही. राहीबाईला ते आठवडी बाजारात, वांगी निवडताना कळलं. तिनं घरी येऊन त्याच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "घ्या मास्तर." मानसिंग लाजला आणि बशीतला चहा त्यानं न फुंकताच प्यायला.