संगणकाचं विरजण

आमच्या घरचं विरजण दोन ठिकाणी असतं. एक आमच्या फडताळात आणि एक शेजारच्या अक्काकडे. तिचंही एक माझ्याकडे असतं. कधी दूध नासतं, कधी कुणीतरी वाटीतलं शेवटचं दही भातावर ओतून घेतं. मग दोन पायऱ्या उतरायच्या आणि अक्काकडून आपलंच दही परत आणायचं. ती मला अक्का म्हणते, मी तिला अक्का म्हणते. आमच्यात थोरली कोण याचा निकाल अजून लागलेला नाही. डबी रिकामी परत करायची नाही, हा दोन्ही घरांचा नियम. तिच्याकडून डबी आली की सोबत शेंगाहोळगीचा, म्हणजे शेंगदाण्याच्या पोळीचा, तुकडा तरी असतोच.

हे आधी सांगितलं, कारण सुनेचा संगणक याच रीतीने वाचला.

माझी सून घरी बसून लग्नपत्रिका तयार करते. कानडी, मराठी, दोन्ही. कमरीपेठेत आमच्या समोरच्या खोलीत तिचं टेबल आहे. तिथे बसून ती अक्षरं जुळवते, गणपती बसवते आणि छापखान्यात पाठवते. मुलाचं कापडाचं दुकान आहे. त्याला गल्ल्यावर घरचं माणूस हवं असतं. पत्रिकांचं काम कमी झालं की तो लगेच म्हणतो, "मग चल की दुकानात."

मला ते नको होतं. सुनेवर माया वगैरे सोडून द्या. ती दुकानात गेली असती तर दोन्ही वेळच्या भाकऱ्या माझ्या गळ्यात पडल्या असत्या. आता ती सकाळच्या थापते, मी संध्याकाळच्या. असंच राहावं, एवढीच माझी इच्छा.

तुळशीची लग्नं झाली, पत्रिकांची घाई सुरू झाली आणि संगणक आतून टक टक करायला लागला. गॅसचा लायटर ओढावा तसा आवाज. संगणक दुरुस्त करणारा अण्णा रायापूरहून येतो. त्याने कान लावला आणि म्हणाला, "डिस्क जाणार. आज जाईल, महिन्याने जाईल. तुमच्या पत्रिका दुसरीकडे आहेत ना?"

"छापखान्यात सगळ्या आहेत," सून म्हणाली.

"मग आता रिकव्हरीचा कप्पा वाचवा."

मी चौथीपर्यंत शिकलेली. न कळलेलं विचारायची मला लाज नाही. "कसला कप्पा?"

"अज्जी, डिस्कमध्ये एक लपवलेला कप्पा असतो. यंत्र बनवताना कंपनीने मूळचं सगळं त्यात भरून ठेवलेलं असतं. यंत्र बिघडलं की त्यातून पुन्हा उभं करायचं. नवीन घेतलं होतं अगदी तसं."

"मग काळजी कसली?"

"तो कप्पा याच डिस्कवर आहे. डिस्क गेली की तोही गेला."

मला हसू आलं. एवढी शिकलेली माणसं आणि दही नि विरजण एकाच भांड्यात!

मुलगा दारात उभा होता. "आई, आजकाल नेटवर सगळं मिळतं," तो म्हणाला.

"मिळतं," अण्णा म्हणाला, "पण हे मॉडेल कंपनीने बंद केलंय. पडदा, आवाज, सगळ्याचे जुने प्रोग्राम शोधत बसावं लागेल. ऐन लग्नसराईत वेळ आहे का? त्यापेक्षा मोठा पेनड्राइव्ह घ्या आणि त्या कप्प्याची नक्कल काढून ठेवा." सुनेला कसं करायचं ते दाखवून तो गेला.

तो रविवार होता, गल्लीतली दुकानं बंद. घरात मोठा पेनड्राइव्ह एकच होता, माझा भजनांचा. भजनी मंडळात आम्ही तो छोट्या स्पीकरला लावायचो. हरवू नये म्हणून मी त्याला लाल दोरा बांधला होता.

सुनेने तो लावला. पडद्यावर काय येईल ते ती मला वाचून दाखवत होती. एका चौकटीत खूण करायची होती, मूळच्या फायलीही घे म्हणून. ती खूण राहिली तर नुसतं टरफल येतं, दाणा नाही, असं अण्णा बजावून गेला होता. खूण केली. मग तिचा हात थांबला.

"आई, यातलं सगळं पुसलं जाईल म्हणतोय. तुमची भजनं जातील."

"जाऊ दे. चांगली आहेत ती मला पाठ आहेत. उरलेली गेली तर मंडळ सुटेल."

नक्कल व्हायला अख्खी दुपार गेली. हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. तोवर मी शेंगदाण्याची चटणी कुटून घेतली. झाल्यावर सुनेने पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकला, संगणकाच्या अगदी खाली.

"तिथे नको. आण इकडे."

मी तो विरजणाच्या डबीत घातला आणि अक्काला नेऊन दिला. "विरजणासारखं सांभाळ. लागलं की मागेन." एवढंच सांगितलं. मुलगा रात्रीपर्यंत हसत होता.

पुढच्या पंधरवड्यात टक टक बंद झाली. म्हणजे डिस्कच बंद पडली. छापखान्यातून फोनावर फोन. तीन लग्नांच्या पत्रिका अडकलेल्या. अण्णा नवी कोरी डिस्क घेऊन आला. मुलगा दुकानात जायचा थांबला आणि खुर्ची ओढून बसला. ते मला आवडलं नाही. "नाही जमलं तर यंदाची सराई सोडून दे," तो सुनेला म्हणाला. "उद्यापासून गल्ल्यावर ये." सुनेचे ओठ पांढरे पडले होते.

मी अक्काकडे गेले आणि डबी मागितली. डबी हातात ठेवून ती माझ्यामागोमाग आमच्याकडेच आली. चेहरा फुललेला. डबीत शेंगाहोळगी, तिच्यावर कागदाची घडी आणि घडीत लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह.

"रिकामा नाही देत हं," ती म्हणाली. "त्या दिवशी भजनाला तू नुसती टाळ्या पिटत होतीस. स्पीकर मुका. मला वाईट वाटलं. हा बिघडला असेल म्हणून मोबाइलच्या दुकानात नेला तर तो पोरगा म्हणाला, यात एकही गाणं नाही. मग भरून घेतली. कानडी, मराठी, दोन्ही!"

मुलगा उठून उभा राहिला. "झालं! घाला आता विरजण. चल गं, दुकानात जायची साडी नेस."

"तू गप," मी म्हटलं आणि अक्काकडे वळले. "आधी त्यात जे होतं ते पुसलंस का?"

अक्काला राग आला. "पुसेन कशी? तो म्हणत होता, काहीतरी कचरा दिसतोय, काढून टाकतो. मी म्हटलं, हात लावू नको. इद्दद्दु इरली, म्याले हाकु. आहे ते असू दे, वर घाल. दुसऱ्याच्या भांड्यातलं मी काढून टाकते का कधी? तुझी उरलेली आमटीसुद्धा मी ओतली नाही, दुसऱ्या वाटीत काढून ठेवली होती."

आमटीची गोष्ट खरी आहे. मी पेनड्राइव्ह अण्णाच्या हातात दिला.

त्याने तो लावला. पडदा काळा, मग निळा, मग त्याने भाषा विचारली. अण्णाने दोन ठिकाणी बोट दाबलं आणि हसत सुटला. "सगळं शाबूत आहे. जागा उरली होती, गाणी बाजूला बसलीत."

"बघ!" अक्का मुलाला म्हणाली. आपण काय वाचवलं हे तिला अजून कळलेलं नव्हतं. पण जिंकलो एवढं कळलं होतं.

संध्याकाळपर्यंत संगणक उभा राहिला, माहेरून आला होता तस्सा. इथे राहून शिकलेलं काही त्याला आठवत नव्हतं. ते सुनेने पुन्हा शिकवलं. अक्षरांचे साचे घातले, छापखान्यातून पत्रिका परत मागवल्या. तिन्ही पत्रिका वेळेवर गेल्या. एकीत नवऱ्यामुलाचा मामा राहून गेला, पण तो त्यांनी आधीच गाळून दिला होता. आमचा दोष नाही.

पेनड्राइव्ह पुन्हा अक्काकडे गेला, गाण्यांसकट. सुनेने आणखी एक नक्कल काढून माहेरी धारवाडला ठेवलीय.

मुलाचा गल्ला मात्र रिकामाच राहिला. परवा जेवताना तो म्हणाला, "आई, मग तूच येऊन बस की."

"येते," मी म्हटलं. "पण कापड धुतल्यावर आटतं का, असं कुणी विचारलं तर मी खरं सांगणार."

त्याने भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवायला लागला. त्यानंतर त्याने गल्ल्याचं कुणालाच विचारलेलं नाही.